जूनचा पूर आणि मुळा-मुठेचे मासे

पुण्याच्या वर्तमानपत्रांत सोमवारी बाजारभावाच्या पानावर मासळीची छोटी बातमी असते. गणेश पेठेतल्या बाजारात खोल समुद्रातली मासळी किती आली, खाडीची किती, नदीची किती आणि आंध्रातून रहू, कतला, सिलन किती, एवढाच तिचा ऐवज. आकडे आठवड्यागणिक वरखाली होतात, प्रमाण मात्र वर्षानुवर्षे तेच. समुद्राची आणि आंध्राची आवक टनांत, नदीची किलोंत. आखाडात मागणी वाढली, श्रावण लागताच भाव उतरले, याची दखल बातमीत आवर्जून असते. मुळा, मुठा, पवना, रामनदी, देवनदी एवढा पाण्याचा गोतावळा असलेल्या शहरात नदीची मासळी किलोंतच का, हा प्रश्न त्या पानावर कधी येत नाही.

कुणी विचारलाच, तर जुने उत्तर तयार असते: गटाराने मारली. अलीकडे त्याला जोड म्हणून नवे उत्तर आले आहे: हवामानबदल. दोन्हींत तथ्य आहे. पण दुसरे उत्तर सोयीचेही आहे, कारण ते दिले की महापालिका, पाटबंधारे खाते आणि बांधकाम व्यावसायिक सगळेच एका दमात निर्दोष सुटतात. म्हणून या प्रश्नाचा आढावा घेताना आधी माशांना नदीकडून नेमके काय हवे असते ते पाहू, आणि मग त्यातले हवामानाने किती नेले आणि आपण किती, हा हिशेब मांडू.

नदी म्हणजे फक्त वाहती धार, ही शहरी समजूत आहे. पावसाळ्यात नदी काठाबाहेर पसरते, मळईवर चढते, ओढ्यांच्या तोंडांत शिरते, लवणांत साचते, आणि उतरताना मागे डबकी आणि पाणथळ कुरणे ठेवून जाते. हे सगळे तिचेच अंग. वोल्फगांग युंक, पीटर बेली आणि रिचर्ड स्पार्क्स या तिघांनी १९८९ मध्ये मांडलेला सिद्धांत आज जगभर आधाराला घेतला जातो: पूरमैदान असलेल्या नदीची उत्पादकता ठरते ती दरवर्षी नेमाने येणाऱ्या पुरावरून. उथळ, कोमट, गवताने भरलेल्या पाण्यात सूक्ष्म जीव फोफावतात आणि माशांची पिल्ले त्यावर वाढतात. आसामातली बील आणि बंगालमधली बाओर ही पुराच्या पाण्यावर जगणारी तळी, कंबोडियातले पावसाळ्यात चार-पाच पटींनी पसरणारे टोनले साप सरोवर, ही याची मोठी उदाहरणे.

पुण्याचे उदाहरण लहान आहे. दख्खनच्या बेसाल्टात नद्यांनी खोल वाटा कोरल्या आहेत, त्यामुळे इथली पूरमैदाने ब्रह्मपुत्रेसारखी कोसभर पसरत नाहीत. इथे माशांचा संसार डोह, बेटे, ओढ्यांची तोंडे आणि काठची अरुंद मळई यांवर चालत आला. पट्टा अरुंद असल्यामुळेच त्यातला प्रत्येक मीटर महत्त्वाचा. शंभर मीटरच्या मळईतले साठ मीटर भरावाखाली गेले तर उरतेच काय?

मावळात आणि मुळशीत, धरणांच्या वरच्या अंगाला, पहिला जोराचा पाऊस झाला की आजही रात्री बॅटऱ्या घेऊन माणसे ओढ्यावर जातात. चढणीचे मासे आलेले असतात. उन्हाळाभर डोहात तग धरलेले मासे नव्या गढूळ पाण्याची चाहूल लागताच प्रवाहाविरुद्ध निघतात, ओढ्यांतून भातखाचरांपर्यंत पोचतात, तिथे अंडी घालतात. गाभोळीने पोट फुगलेली मादी पाण्याबाहेर उसळी मारून बांध ओलांडते, तेव्हा तिला पकडायला फारसे कौशल्य लागत नाही. चवीच्या दृष्टीने हा वर्षातला सर्वोत्तम मासा, आणि नदीच्या दृष्टीने पकडायला सर्वात वाईट. आपल्या विषयासाठी महत्त्वाचे हे की, त्या मादीला निघण्याचा इशारा मिळतो तो जूनच्या पहिल्या लोंढ्यातून: पाणी वाढते, थंड होते, गढूळ होते. सप्टेंबरातला पूर कितीही मोठा असला तरी या कामाचा नाही.

या नद्यांत कोणते मासे होते, याची नोंद चांगली आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातला अधिकारी विल्यम हेन्री सायक्स याने दख्खनची पाहणी करताना मासेही गोळा केले आणि १८३९ मध्ये त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. भोई आणि कोळ्यांच्या तोंडी असलेली नावे त्याने बरेचदा तशीच शास्त्रीय नावांत घातली. खुद्री, कोलस, मुल्या ही त्यातली. आज ‘टॉर खुद्री’ म्हणून ओळखला जाणारा दख्खनी महाशीर जगाला माहीत झाला तो पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. पुढे १९४० च्या दशकात फ्रेझर आणि सूटर, १९६३ मध्ये तोनापी आणि मुल्हेरकर, २००३ मध्ये वाघ आणि घाटे अशा अभ्यासकांनी पुण्याच्या माशांच्या याद्या केल्या. दीडशे वर्षांहून अधिक काळ एकाच शहराच्या नदीची अशी पुन्हापुन्हा मोजदाद झाल्याची उदाहरणे आपल्याकडे फार नाहीत. या याद्या एकापुढे एक ठेवल्या की दिसते ते असे: वाहत्या, स्वच्छ, खडकाळ पाण्याचे मासे वरच्या खोऱ्याकडे सरकत गेले, शहरातल्या पट्ट्यात मोजक्या चिवट जाती उरल्या, आणि जुन्या यादीत नसलेले परके मासे नव्या यादीत आले.

महाशीराची गोष्ट तर विचित्र वळणाची आहे. टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला १९७० च्या दशकापासून या माशाचे प्रजनन केंद्र चालवले आणि तिथली बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्ले, देशभर पाठवली. त्यातली काही कावेरीत सोडली गेली. तिथे त्यांनी असा जम बसवला की कावेरीच्या स्वतःच्या, नारिंगी शेपटीच्या महाशीरावर नामशेष होण्याची पाळी आली. ज्या मुळा-मुठेने दख्खनी महाशीराला शास्त्रीय नाव मिळवून दिले, तिच्या शहरातल्या पात्रात मात्र तो टिकू शकत नाही. नुसते मत्स्यबीज सोडून नदी भरता येत नाही, हे या एका माशाने दोन्ही टोकांना दाखवून दिले.

आता हवामान. याबाबतीत पुण्याला लांब जावे लागत नाही. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकारी यांनी २०१७ मध्ये दाखवले की, मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. या पट्ट्यात महाराष्ट्राचाही मोठा भाग येतो. एकूण पाऊस मात्र त्या प्रमाणात वाढलेला नाही. म्हणजे मोठे कोरडे खंड आणि मध्येच धो-धो. २०२० मध्ये हवामान विभागाने मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या, तेव्हा मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर झाली. २०२५ मध्ये मोसमी पाऊस मेमध्येच, २६ तारखेला, मुंबईत पोचला. ज्या इंदापूर-बारामती-दौंड पट्ट्यात त्या दिवसांत टँकरची चर्चा चालते, तिथे शेतात पाणी उभे राहिले.

सुरुवात अवेळी, मध्ये खंड, शेवट लांबलेला आणि अधूनमधून ढगफुटीसारखा दणका. शेतकऱ्याला याचा अर्थ लगेच कळतो: दुबार पेरणी. माशाची अवस्था तीच, फक्त त्याला दुसऱ्यांदा बियाणे मिळत नाही. लोंढ्याच्या इशाऱ्यावर मासा चढतो, अंडी घालतो आणि मग तीन आठवडे पाऊस गायब झाला की ती खाचरे, ती डबकी सुकतात. अंडी आणि जिरे, म्हणजे नुकती जन्मलेली पिल्ले, तिथेच मरतात. लोंढा आलाच नाही, तर मादी अंडी न घालता ती अंगातच जिरवते. बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्यसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी बंगालच्या मत्स्यबीज केंद्रांत पाहिले की, पूर्वी जूनच्या सुमाराला तयार होणारे रोहू-कटला आता पाणी लवकर तापत असल्याने मार्चपासूनच प्रजननाला तयार होतात. केंद्रात हा फायदा आहे, दोन हंगाम मिळतात. नदीत मात्र अंग मार्चमध्ये तयार आणि पाणी जुलैत, असा घोळ होतो.

पण हे सगळे पुण्याला लागू करण्याआधी थांबायला हवे, कारण पुण्यातला पूर थेट ढगातून येत नाही. तो धरणाच्या दारातून येतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून २९ टीएमसीच्या वर साठा. जूनमध्ये जे पहिले पाणी येते ते या चार धरणांत मुरते. ती भरेपर्यंत मुठेच्या पात्रात वरून सोडलेले पाणी जवळजवळ नसतेच, असते ते शहराचे सांडपाणी. मुळेचे तर आणखी वेगळे. मुळशीचे धरण टाटांनी विजेसाठी बांधले, ज्याविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, आणि तिथले पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजगृहाकडे, कोकणात जाते. पवनेवर पवना धरण आहेच. जूनचा लोंढा, ज्याची मासे वाट पाहतात, तो हवामानबदलाने बिघडवण्याच्या कितीतरी आधी आपणच बंद केला होता. हवामानबदल काय करतो, तर उरलेले बिघडवतो. धरणे भरलेली असताना ऑगस्ट-सप्टेंबरात अतिवृष्टी झाली की दारे एकदम उघडावी लागतात. छोटे, हळू, लवकर येणारे पूर गेले. मोठे, आकस्मिक, उशिराचे आले.

२५ जुलै २०२४ ला हे सगळ्यांनी पाहिले. शिवाजीनगरला २४ तासांत ११४ मिलिमीटर पाऊस झाला, घाटमाथ्यावर त्याच्या कितीतरी पट. खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडले गेले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले बुडाले. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात मुठेची निळी पूररेषा, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, ६० हजार क्युसेकची आहे. १०० वर्षांच्या पुराची लाल रेषा एक लाखाची. निळ्या रेषेच्या बऱ्याच अलीकडच्या विसर्गाला घरे बुडतात याचा अर्थ सरळ आहे: नकाशावरच्या नदीत जेवढी जागा आहे तेवढी प्रत्यक्षात उरलेली नाही. राडारोड्याचे ढीग, रात्रीतून पडणारे भराव, डेक्कनचा नदीपात्रातला रस्ता, मेट्रोचे खांब, पूल. प्रत्येकाने थोडेथोडे घेतले.

पुराच्या बातम्यांत या अरुंद होण्याची किंमत घरांत आणि गाड्यांत मोजली जाते, आणि तशी ती मोजायलाही हवी. त्या दिवशी शहरात माणसे दगावली. मात्र भरावाखाली गेले ते माशांच्या दृष्टीने पाळणाघर होते. शिवाय ओढे. पेशवाईत आंबिल ओढा अडवून पर्वतीचे तळे केले गेले, तेव्हापासून या शहराला ओढ्यांशी खेळण्याची सवय आहे. पण निदान ते पाण्यासाठी तळे होते. आता ओढा म्हणजे काँक्रीटची पेटी किंवा इमारतींच्या मागची भिंत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने आपली जागा परत मागितली, त्याची आठवण अरण्येश्वर-टांगेवाले कॉलनीत अजून ताजी आहे. ज्या ओढ्यात मुठेतून मासा वर चढू शकत होता, त्याच्या तोंडाशी आज पाइप आहे.

मग येतो नदीकाठ सुधार प्रकल्प. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटर, ४,७२७ कोटींचा अंदाज, ६ मार्च २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी. यामुळे पूरपातळी कमी होईल, काठ लोकांसाठी खुला होईल, असे महापालिका म्हणते. काठची झाडे, झरे आणि पूरवहनक्षमता जाईल, असे आक्षेप घेणारे म्हणतात, आणि तो वाद न्यायालयांत आणि हरित लवादात गेलेला आहे. मला या वादात एक गोष्ट कायम खटकते. दोन्ही बाजूंची चर्चा पाणी किती वेगाने आणि किती उंचीने जाईल यावर होते. माशांना हवे असते ते पाणी हळू, उथळ आणि रेंगाळणारे. एकसारख्या उताराच्या, दगडांनी बांधलेल्या काठाने पूर दोन फूट खाली आणला तरी त्या काठावर गवत बुडणार नाही आणि गवत बुडले नाही तर अंडी चिकटणार कशाला? बंड गार्डनच्या बंधाऱ्याखाली येरवडा-कल्याणीनगरच्या काठाला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य म्हणून ओळखला जाणारा तुकडा आहे. झुडपे, गाळ, चिखल, डबकी: दिसायला गबाळा. शहरी डोळ्याला तो ‘अविकसित’ वाटतो. पूरमैदान असेच दिसते.

उष्णतेचा परिणाम शहराच्या पट्ट्यात सर्वात उघडा दिसतो. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. आणि नेमक्या त्याच वेळी माशाची गरज वाढते, कारण थंड रक्ताच्या प्राण्याचे शरीर पाण्याबरोबर तापून जलद चालू लागते. सांडपाण्यातली घाण कुजवणारे जिवाणूही उष्णतेत जास्त प्राणवायू खातात. तिन्ही बाजूंनी टंचाई. मार्च २०२५ मध्ये मुळा-मुठेतल्या नाईक बेटाजवळ हजारो मासे मरून तरंगले. उन्हाळ्याच्या तोंडाला आणि पहिल्या पावसात अशा घटना या नदीला नव्या नाहीत. पहिल्या पावसाचे कारण थोडे वेगळे: तळाशी साचलेला काळा गाळ ढवळून वर येतो, रस्त्यांवरची महिनोन्‌महिन्यांची घाण एकदम उतरते, आणि पाण्यातला उरलासुरला प्राणवायू काही तासांत संपतो. निसर्गाच्या हिशेबात ज्या लोंढ्याने मासे जागे व्हायचे, त्याच लोंढ्याने ते मरतात. या पाण्यात मजेत राहतो तो गप्पी. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खात्यांनी हौदा-डबक्यांत सोडलेला हा दक्षिण अमेरिकन मासा पाण्याच्या अगदी पृष्ठभागावरचा पातळ थर ओढून श्वास भागवतो, म्हणून गटारातही तो टिकतो.

सोलापूर रस्त्याने शहराबाहेर पडले की कवडीपाटला नदी पुन्हा थोडी मोकळी होते. जुना दगडी बंधारा, त्यावरून घसरणारे पाणी, हिवाळ्यात चक्रवाकांच्या जोड्या आणि त्यांच्यामागे कॅमेऱ्यांच्या रांगा. छायाचित्रांत ही जागा स्वर्गासारखी येते. प्रत्यक्षात बंधाऱ्याखाली साबणासारखा फेस असतो, झुडपांच्या फांद्यांना मागच्या पुराने अडकवलेल्या प्लॅस्टिकच्या चिंध्या लोंबत असतात आणि वास असतो. पक्षी तरीही येतात, कारण उथळ पाणी आणि चिखल त्यांना मिळतो. पक्ष्यांची गर्दी हे नदी निरोगी असल्याचे प्रमाणपत्र नाही, हे इथे अर्धा तास उभे राहिल्यावर पटते.

आणि मग हे पाणी जाते उजनीला. पुण्याचा खरा मासेमारी-प्रश्न शहरात नाही, भिगवण, पळसदेव, इंदापूरच्या काठाला आहे. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक, जवळजवळ ६४ टीएमसी, मृतसाठा. म्हणून उजनीची टक्केवारी उणेत जाते आणि बाहेरच्या माणसाला ते कोडे वाटते. धरणाने भीमेचा जुना काठ गिळला, पण पाणफुगवट्याच्या शेपटाला नवा काठ तयार केला: पावसाळ्यात बुडणारा, उन्हाळ्यात उघडा पडणारा, मैलोन्‌मैल सपाट गाळाचा. एका अर्थी हे मानवनिर्मित पूरमैदानच. रोहित पक्षी तिथेच उतरतात आणि भोई, कोळी, धरणात जमिनी गेलेली कुटुंबे त्याच पाण्यावर जगतात. कुणाकडे होडी, कुणाकडे ट्रकच्या ट्यूबवर किंवा थर्माकोलवर बेतलेला तराफा.

या काठाचे चक्र आता इतके टोकाला गेले आहे की, त्यात जुन्या माशांचा टिकाव अवघड आहे. जून २०२४ मध्ये उजनी उणे ६० टक्क्यांच्या घरात गेली, म्हणजे ११७ पैकी कागदोपत्री ३१-३२ टीएमसी उरले, आणि त्यातही गाळाचा वाटा. पळसदेवचे पाण्याखालचे जुने मंदिर उघडे पडले, लोक पाहायला गेले. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात तेच धरण भरून वाहू लागले. दीड-दोन महिन्यांत एवढा झोका. उन्हाळ्यात आटलेल्या पाण्यात मासे गोळा होतात, त्यामुळे जाळे टाकले की भरते. यात पुढच्या हंगामाच्या माद्याही जातात. बारीक आसाची वडाप जाळी उरलेली पिल्ले खरवडते. उघड्या पडलेल्या गाळावर गाळपेर होते, पिकाला खते आणि कीटकनाशके पडतात, आणि जुलै-ऑगस्टला तेच शेत बुडून माशांची प्रजननभूमी बनते. बुडालेले धाट कुजायला लागले की काठच्या उथळ पाण्यातला प्राणवायू आधी संपतो.

अशा झोक्यात जिंकतो कोण, तर चिलापी. मूळचा आफ्रिकेतला, १९५२ मध्ये भारतात आणलेला हा मासा आज उजनीच्या बाजारात सर्वत्र आहे. त्याच्या यशाचे कारण अनेकदा ‘चिवट मासा’ एवढ्यावर सोडले जाते, पण त्यातले यंत्र पाहण्यासारखे आहे. रोहू, मृगळ किंवा आपले स्थानिक कोळस-तांबरवर्गी मासे अंडी पाण्यात सोडतात आणि ती प्रवाहाच्या, बुडालेल्या गवताच्या भरवशावर असतात. चिलापीची मादी अंडी तोंडात घेऊन फिरते. पाणी चार फूट उतरले तर ती चार फूट आत सरकते, पिल्लांसकट. ती पावसाच्या तारखेवर अवलंबून नाही, वर्षातून अनेकदा विते, गरम आणि कमी प्राणवायूच्या पाण्यात तगते. बेभरवशाच्या पावसासाठी जणू मुद्दाम घडवलेला मासा. हवामान जितके लहरी होईल तितका चिलापीचा वाटा वाढत जाईल, असे मानायला हे एकच कारण पुरेसे आहे. आणि तिचा भाव मरळ-वामच्या जवळही जात नाही. म्हणजे जाळे भरलेले दिसले तरी मच्छीमाराचा खिसा भरतोच असे नाही.

अतिवृष्टी परक्या माशांना दुसरीही मदत करते. बंदी असूनही या भागातल्या तळ्यांत चोरून पाळला जाणारा आफ्रिकन मांगूर मत्स्यव्यवसाय विभागाने वेळोवेळी नष्ट केला आहे. पण बांधावरून पाणी गेले की तळे आणि नदी एक होतात, आणि मग कारवाईचा उपयोग नाही. अलीकडे घरच्या काचपेटीतला, खरबरीत कवचाचा सकर मासाही उजनीच्या जाळ्यांत येऊ लागला. तो जाळी फाडतो आणि त्याला गिऱ्हाईक नाही. जाता जाता हेही सांगायला हवे की, ज्यांना आपण ‘देशी’ म्हणून चिलापीच्या विरोधात उभे करतो ते रोहू-मृगळ मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. भीमेत तेही पाहुणेच. सरकारी योजनेतून सोडली जाणारी बोटुकली बहुतेक याच पाहुण्यांची असते.

त्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी. उन्हाळ्यात उजनीचे पाणी हिरवे होते ते शैवालाने, आणि शैवालाला खत शहरे पुरवतात. दिवसा हे शैवाल प्राणवायू सोडते, रात्री ओढते. उन्हाळ्याच्या पहाटे मासे तोंड वर काढून तडफडतात ते यामुळे. पाणी जसे तापत जाईल तसा या शैवालाचा हंगाम लांबेल. जपानच्या अर्थसाहाय्याने २०१६ मध्ये मंजूर झालेल्या प्रकल्पात पुण्यात ११ नवी मैलाशुद्धीकरण केंद्रे, रोज ३९.६ कोटी लिटर क्षमतेची, व्हायची होती. काम वर्षानुवर्षे रेंगाळले. हवामानाशी जुळवून घेण्याचा उजनीच्या माशांसाठीचा सर्वात मोठा उपाय कुठल्याही हवामान आराखड्यात शोधायची गरज नाही. तो या केंद्रांतच आहे.

कायद्याकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. पाणथळ जागांबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांच्या व्याख्येतून नदीचे पात्र वगळलेले आहे. पिण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेले जलाशयही वगळलेले आहेत. म्हणजे कवडीपाट पाणथळ नाही, आणि उजनीही नाही. मौज अशी की, २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेले नांदूर मध्यमेश्वर हे गोदावरीवरच्या सिंचनाच्या बंधाऱ्यामागे साचलेल्या गाळातूनच घडलेले आहे.

इकडे गणेश पेठेत टनांनी येणारा आंध्राचा रहू बहुतांशी कृष्णा-गोदावरीच्या मुखाकडच्या तळ्यांतला. त्याच भागात कोल्लेरू हे सरोवर आहे, २००२ पासून रामसर यादीत. त्यात इतकी मत्स्यतळी खोदली गेली की २००६ मध्ये सरकारला मोहीम काढून ती फोडावी लागली. मुळा-मुठा भीमेला, भीमा कृष्णेला मिळते. पुणेकर आपल्याच नदीच्या दुसऱ्या टोकाजवळचे मासे बर्फात घालून आणतो, आणि ते टोकही समुद्राची वादळे, खारे होणारे पाणी आणि लहरी पूर यांच्या तोंडी आहे. इथली नदी गेली तर तिथून आणू, हा भरवसा फार दिवसांचा नाही.

मग करायचे काय? बोटुकली सोडण्याचे कार्यक्रम, त्यांची छायाचित्रे, बंदीचे फलक हे चालूच राहील. समुद्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तशी शिस्त गोड्या पाण्यातही कडक पाळली तर फायदा होईल. पण मासे चढायलाच पाणी नसेल तर बंदी कोणासाठी? माझ्या मते या सगळ्यात स्वस्त आणि आजवर कुणी गंभीरपणे न घेतलेला उपाय जूनच्या पुराचा आहे. हिशेब अवघड नाही. जूनअखेरीस धरणांत पाणी यायला लागले की खडकवासल्यातून तीन दिवस २ हजार क्युसेक सोडले तर अर्ध्या टीएमसीच्या किंचित वर पाणी जाते. २९ टीएमसीत हे दोन टक्क्यांहून कमी. वाया तर ते जातच नाही, उजनीत पोचते. २५ जुलै २०२४ च्या वेगाने हेच पाणी चार तासांत निघून गेले असते. अडचणी आहेत: शुद्धीकरण केंद्रे पूर्ण क्षमतेने चालल्याशिवाय असा लोंढा गाळ ढवळून मासेच मारेल, आणि पाऊस लांबलेल्या वर्षी पाणी सोडायला कोणी धजावणार नाही. म्हणून हे दरवर्षीचे कर्मकांड करू नये. पाऊस वेळेवर असेल त्या वर्षीच करावे, आणि आधी पात्रातला गाळ व जलपर्णी काढावी.

कालवा सल्लागार समिती यावर ठरवेल, असे म्हणून चालणार नाही. तिच्या बैठका शेतीची आवर्तने आणि पिण्याचे पाणी ठरवायला मुख्यतः पावसाळा संपल्यावर होतात. तोवर जून गेलेला असतो. हा निर्णय प्रत्येक धरण कोणत्या तारखेला किती भरलेले असावे, हे ठरवणाऱ्या पाटबंधारे खात्याच्या तक्त्यात व्हायला हवा. त्या तक्त्यात जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यासमोर पाणी साठवण्याचे आकडे असतात. सोडण्याचा एक आकडा तिथे बसू शकतो.